सूपभर ज्वारीचा लेक

आर्वीत ज्याईनं ज्याईनं स्टेजवर चढून भाषनं ठोकली, त्यातल्या निम्म्या लोकाईचं तोंड मी होतो. हे फुशारकीनं नाई सांगून राह्यलो. रागानं सांगून राह्यलो.

मी बंडूजीच्या छापखान्यात कंपोझिटर. शाळा चौथीपर्यंत. अक्षरं मी शाळेत कमी अन् खिळ्याच्या केसात, म्हंजे खिळे ठेवाच्या खान्याईच्या पेटीत, जास्त शिकलो. शिशाचा एकेक खिळा उचलाचा, उलटा वाचाचा, ओळीत बसवाचा. पंधरा वर्सं दुसऱ्याईचं लिहिलेलं जुळवता जुळवता मले समजलं का हे शिकलेले लोक लिहितात ते बेकार लिहितात. एकदा एका गुरुजीच्या निरोपाचं मानपत्र आलं. कागद मोठा, मजकूर लहान, खाली जागा उघडी पडे. मी तीन ओळी माह्या मनानं टाकून देल्ल्या. समारंभात गुरुजी रडले ते त्याच तीन ओळीवर. बंडूजी म्हने, "उकंड्या, तू तर छुपा रुस्तुम निंघाला बे."

तवापासून धंदा लागला. मानपत्रं, शोकसभेतली भाषनं, लग्नातली मंगलाष्टकं, दिवाळीचे शुभसंदेश. लिहिनारा मी, नाव दुसऱ्याचं. कोनाच्या बापाच्या मरनाचं दुःख मी असं लिहो का तो मानूस वाचता वाचता पहिल्यांदा रडे. बाप मेला तवा नसन रडला.

माही एक रीत होती. गिऱ्हाईकाच्या घरी जावाचं, चहा घ्याचा, अन् कामाचं काई इचाराचं नाई. तो बोलता बोलता थांबतो कोठी, हात ठेवतो कोठी, शिवी कोनती देतो, तेवढं पाहाचं. मंग त्याच्या तोंडात बसन असं वाक्य पाडाचं. सदरा त्याच्या अंगात गेला पाह्यजे अन् शिंप्याचं नाव कोनी इचारलं नाई पाह्यजे.

हे आता जे लिहून राह्यलो, हे माहं सोताचं हाये. म्हून तोंडात येते तसंच लिहिलं. शुद्ध मराठी मी विकाले ठेवली होती.

सन एकोनऐंशी. महादेवरावाले साठावं लागत होतं. दोन जिनिंगचा मालक, गावातलं मोठं प्रस्थ. त्यानं मले बंगल्यावर बलावलं. दिवानखान्यात गादीच्या बरोबर वरतं त्याच्या मायचा मोठा फोटो, त्याले चंदनाचा हार.

"मले माहं आत्मचरित्र पाह्यजे," महादेवराव म्हने. "मी सोता लिहिलेलं. तू लिहिजो."

"लिहितो. लहानपनचं काई सांगा."

"लहानपनी मी लहान होतो."

"मायचं?"

त्यानं फोटोकडं पाह्यलं, अन् कोन्या पाव्हन्याकडं पाहावं तसं पाह्यलं. "चांगली असन. मले आठवत नाई बाप्पा. घरात गडी-बाया लय, मले कोनं वागवलं हेच ठाऊक नाई. तूच टाक काईतरी. पन लोक रडले पाह्यजे."

पैशाचं मी बोलत नाई. पैशे त्यानं पूर्न देल्ले. तिथं खोट नाई. खोट कोठी पडली ते सांगतो.

आमच्या छापखान्यात खिळे थोडे. पूर्न पुस्तक एकाच टाइमाले जुळवता येत नसे. आठ पानं जुळवाची, छापाची, फर्मा मोडाचा, अन् त्याच खिळ्याईनं पुढची आठ जुळवाची. म्हंजे मधला पाठ सोडून पुढं जाता येत नाई. पहिला पाठ झाला, घरान्याचा. दुसरा होता 'माझी आई'. खिळे रिकामे, छापाची ट्रेडल मशीन रिकामी, बंडूजी दर घंट्याले येऊन डोकावे. अन् त्या मायचं माह्यापाशी काईच नाई. एक फोटो अन् 'चांगली असन'.

तवा मी माही माय देल्ली.

कागदावर लिहिलीबी नाई. भर दुपारी, उभ्या उभ्या, डोक्यातून डायरेक शिशात जुळवली.

माह्या आधी माह्या मायचे तीन लेकरं गेले. एक चौदा दिवसाचं, एक सा महिन्याचं, एक वर्साचं. चौथा मी. बाराव्या दिवशी मायनं मले फाटक्या लुगड्यात गुंडाळलं अन् उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारची रामबाई, गोंडाची, ठरल्याप्रमानं तिकून आली. "अगं माय, हे कोनाचं पडलं व?" म्हने, अन् उचलून घरी घेऊन गेली. मंग माय तिच्या दारात गेली, सूपभर ज्वारी ओतली, अन् मले इकत घेऊन आली. मरन आलं त त्याले वाटन, हे फेकलेलं, इकतचं, याचं कोनी नाई, अन् दुसऱ्या दाराले चाललं जाईन. म्हून नाव उकंडा, म्हंजे उकिरड्यावरचा. आमच्याकडं गावोगावी एखादा उकंडा सापडते. जो सापडते तो त्या ज्वारीवर जगलेला असते.

पुस्तकात मी असं जुळवलं: 'माझ्या आईने मला सूपभर ज्वारी देऊन विकत घेतले. लोक म्हणतात मी धनवान आहे. पण माझी किंमत त्या दिवशी त्या सुपात ठरली, आणि त्याहून मोठी किंमत मला पुढे कोणी दिली नाही.'

वाचा. चांगलं हाये का नाई? मलेबी चांगलंच वाटलं होतं.

छापलेले कागद घडी घालाले घरी येत. ते काम माही बायको रुख्मा करे. घडी घालता घालता तिनं वाचलं.

"हे तर तुमचं हाये."

"कोनाले समजते?"

"तुमच्या मायले समजन."

"माय वाचते कोठी?"

"वाचत नाई म्हून काय झालं?" तिनं कागद खाली ठेवला. "दुसरं कोनतंई द्या. तुमी लहानपनी झाडावरून पडले होते तवाचं द्या, आपल्या लग्नातलं भांडन द्या. हे मरनाले दाखवलेलं हाये. हे दुसऱ्याच्या नावानं कराचं नसते."

मी हासलो. त्या हासन्याचा मले आजबी राग येते. पुस्तकात एक गोष्ट मी टाकली नव्हती, त्याचा मले मोठा अभिमान होता. उकिरड्यावर होतो तवा मुंगळ्यानं माह्या डाव्या कानाची पाळी खाल्ली होती. तिथं खाच होती, ज्वारीच्या दान्याएवढी. महादेवरावाचे दोनी कान साबूत, म्हून ते सोडलं. म्हनलं, एवढं तरी माहं राहू दे.

दिवाळीनंतर समारंभ झाला. मंडप, लाऊडस्पीकर, नागपूरहून पाव्हने. मी शेवटच्या रांगेत, छापखान्याच्या मानसाले तिथंच बसवतात. महादेवराव दुसरा पाठ वाचाले उभा राह्यला. अर्ध्यातच बाया पदर डोळ्याले लावाले लागल्या. पाठ संपला. त्यानं पुस्तक मिटलं. मी टाळ्याईची वाट पाहून राह्यलो होतो.

पन तो बसला नाई.

"अन् मुंगळे होते," महादेवराव म्हने. आवाज बारीक झालता. "लुगडं ओलं होतं. मुंगळ्यानं कान खाल्ला तरी मी रडलो नाई. रडलो असतो त आईनं घाई केली असती, अन् रीत मोडली असती."

त्याचा हात डाव्या कानावर गेला होता.

माहाबी गेला. मले वाटलं, रुख्मा बोलली कोनापाशी. घरी जाऊन तिच्याशी इतका भांडलो का शेजारचे दारात आले. तिनं देवाची आन घेतली. मी मानली नाई.

रविवारी दाढीले गेलो. न्हावी चंद्रभान, वीस वर्साचा ओळखीचा. साबन लावता लावता थांबला. माहं डोकं उजेडाकडं फिरवलं.

"उकंडाभाऊ, कानाले काय केलं?"

"काऊन?"

"पहिले इथं वस्तरा अटके." त्यानं अंगठ्यानं पाळी चाचपली. "आता खाच नाई. भरून आला कान."

मी आरसा मांगला. कान लेकराच्या कानावानी गुळगुळीत होता.

दुसऱ्या दिवशी छोट्या रुळाची आगगाडी पकडून पुलगावले उतरलो, अन् तिथून पायी नाचनगावले मायकडं. दर महिन्याले जात होतो. या बारी पुस्तकाच्या कामानं दोन महिने गेलो नव्हतो. माय अंगनात ज्वारी पाखडून राह्यली होती. मले पाह्यलं, सूप खाली ठेवलं, पदर डोक्यावर घेतला.

"या बाप्पा. बसा. कोन्या गावचे तुमी?"

मले वाटलं, दोन महिने आलो नाई म्हून टोमना मारून राह्यली. माय टोमने मारन्यात पक्की होती.

"माय, चाल, मस्करी पुरे. चहा मांड."

"चहा त मांडीन. पन वळख नाई पटली."

"मी उकंडा."

ती हासली. चांगली हासली, पाव्हन्याच्या गमतीले हासतात तशी. "उकंडा त परवा येऊन गेला. मोटारीनं आलता. हे पाहा, लुगडं आनलं त्यानं." हिरवं नऊवारी, घडी न मोडलेलं, तिनं माह्या हातात देल्लं. "लय वर्सानं आला. लय मोठा झाला. पन कान पाह्यला अन् वळखला."

म्हातारचळ म्हनाल त तसं काईच नव्हतं. वांग्याचा भाव तिले पाठ, पाटलाच्या सुनेले कितवा महिना ते पाठ, ज्वारीतला खडा ती मान वर करून बोलता बोलता काढे. डोकं एकदम साफ. त्या साफ डोक्यात मी नव्हतो.

मी रामबाईकडं धावत गेलो. तिनंच उचललं होतं मले, तिले कोन फसवन?

"हो त, म्याच उचललं उकंड्याले, आता ज्याले महादेवराव म्हनतात त्याले," रामबाई म्हने. हातावरचं गोंदन दाखवून म्हने, "या हातानं. वाळल्या भोपळ्यावानी हलका होता." मंग माह्या तोंडाकडं पाह्यलं. "पाव्हने, पानी देऊ का? घाम फुटून राह्यला तुमाले."

परत आलो तो सरळ बंगल्यावर. बुटासकट दिवानखान्यात. गादीच्या वरतं फोटो नव्हता. भिंतीवर चौकोनी जागा तेवढी पांढरी होती, अन् खिळा.

"माही गोष्ट वापस द्या," मी म्हनलं.

मले वाटलं, हा मानूस छद्मी हासन, गडी बलावन, धक्के मारन. तसं केलं असतं त बरं झालं असतं. मले मारता आलं असतं त्याले. पन तो उठला अन् माहे दोनी हात धरले. डोळ्यात पानी.

"उकंड्या, तुह्यामुळं मले आठवलं बाप्पा. साठ वर्सं मी बिनमायचा राह्यलो. तू लिहिलं अन् सारं उघडलं."

"ते माही माय हाये!"

"तुही?" तो इचारात पडला. खरोखर इचारात पडला, डोळे मिटले. "मले सारं दिसते. उकिरडा दिसते. सूप दिसते, त्याची एक काडी निंघालेली. रामबाईच्या हातावरचं गोंदन दिसते. तू नाई दिसत तिथं."

सुपाची काडी निंघाली होती हे मलेच ठाऊक नव्हतं.

टेबलावर पुस्तकाईची चळत होती. मी उचलून अंगनात फेकली. दिल्या त्या शिव्या इथं लिहीत नाई. तो अंगनात गेला, खाली बसला, एकेक पुस्तक उचललं, धूळ झटकली अन् छातीशी धरलं. चोर असता त मी त्याचा गळा दाबला असता. पन त्यानं चोरलं कोठी? मी माह्या हातानं जुळवून, छापून, बांधून देल्लं होतं, पाचशे प्रती. राग काढाचा त कोनावर? सांगा ना मले, कोनावर?

अन् मले काय आठवे? डोळे मिटून मी मायचं तोंड आठवो, तिनं ही गोष्ट सांगतली तवाचं. तोंड नाई दिसे. शिशाचे खिळे दिसत, ओळीनं, उलटे. मी गोष्ट वाचो. आठवे नाई.

हिवाळा तसाच गेला. छापखान्याबाहेरचं लिहिनं मी बंद केलं. एका घरचे मयताचं भाषन मांगाले आले, त्याईले हाकलून देल्लं. नाचनगावले जात होतो, माय चहा देत होती, 'तुमी' म्हनत होती. कोन सोताच्या मायच्या हातचा चहा पाव्हना होऊन पिते? मी पाच महिने प्यालो.

शेवटी आखजीच्या दिवशी रुख्मानं शेल्यात ज्वारी बांधून देल्ली. घरचं सूप मोजून, सूपभर.

"जा," ती म्हने. "ज्वारीची गोष्ट गेली, ते ज्वारीनंच वापस येते. परत इकत घेऊ द्या मायले."

भर दुपारी पोचलो. ऊन असं का कुत्रे सावलीतून निंघत नव्हते. आखजी म्हंजे अक्षयतृतीया, मेलेल्याईले जेवू घालाचा दिवस. मायनं पुरन, वडे, कढी, आमरस, सारं केलं होतं. अंगनाच्या भिंतीवर पळसाच्या पानावर घास मांडले होते, कावळ्यासाठी.

मी शेला सोडला.

"माय, ज्वारी आनली. मले इकत घे."

तिनं मूठभर दाने हातात घेतले, ऊनात धरले. "चांगली हाये. खडा नाई." परत ओतले. "पन इकत घेतलेला मले एकच हाये बाप्पा. सकाळी येऊन गेला."

मी तिचे पाय धरले. चाळीस वर्साचा मानूस, अंगनात पालथा पडलो.

"मी तुहा लेक हाये माय. तुह्या पोटचा हाये."

ती वाकली. बसली. माही हनुवटी धरली, तोंड उजेडाकडं केलं. डावा कान चाचपला. उजवा चाचपला. कपाळावरून बोट फिरवलं, नाकावरून, ओठावरून.

लय वेळ पाह्यलं तिनं.

"पोटचा व्हय," ती म्हने. "दिसून त राह्यलं."

माहा जीव वर आला.

"कोनता व्हय तू?"

मले समजलं नाई.

"पहिल्याचे डोळे घारे होते. दुसरी त पोरगी होती." ती बोटावर मोजत होती. तिसऱ्या बोटावर थांबली. हात माह्या डोक्यावर आला. "तू तिसरा. पाय टाकाले लागला होता तू. तुले भोकराच्या झाडाखाली मातीत ठेवलं होतं आमी."

नाई म्हनाचं होतं मले. बोंबलून म्हनाचं होतं का मी उकंडा, मी जगलेला, सूपभर ज्वारी देऊन घरात आनलेला. आर्वी जाळन एवढा राग होता माह्यापाशी.

पन पाच महिन्यानं ती मले 'तू' म्हनली होती.

"हो माय," मी म्हनलं.

"भूक लागली असन," ती म्हने.

तिनं भिंतीवरचं एक पान उचललं. खाली मांडलं. पाट ठेवला, दक्षिनेकडं तोंड करून.

मी बसलो.

तिनं पुरनाचा घास मोडला, तुपात बुडवला, माह्या तोंडात देल्ला. मंग दुसरा.

पलीकडून रामबाईचा आवाज आला. "काऊन वो देवकाबाई, तुमच्याइथं शिवला का कावळा? आमी कवाचे काव काव करून राह्यलो, एकबी येऊन नाई राह्यला."

मायनं तिसरा घास मोडला.

"आमच्याइथं यंदा कावळ्याचं काम नाई पडलं," ती म्हने.